डिफरन्शियल तेल बदलणे

मोटारगाडीच्या डिफरन्शियलमधील जुने वंगण तेल काढून त्या जागी योग्य प्रतीचे नवे तेल भरणे हा वाहनाच्या नियमित देखभालीचा एक भाग आहे. मागील चाकांना शक्ती पुरविणाऱ्या आणि चारही चाकांना शक्ती पुरविणाऱ्या वाहनांत डिफरन्शियलला स्वतंत्र पेटी असते आणि तिच्यातील तेलही स्वतंत्र असते. इंजिनाच्या तेलाला पंप, गाळणी, पातळी पाहण्याची पट्टी आणि दाब कमी झाल्यास पेटणारा दिवा अशी साथ असते. डिफरन्शियलच्या पेटीत सामान्यतः यांपैकी काहीही नसते. त्यामुळे तेल कमी झाले, त्यात पाणी शिरले किंवा दंतचक्रे झिजू लागली तरी चालकाला ते बहुधा आवाज येऊ लागल्यावरच कळते, आणि तोपर्यंत दुरुस्ती खर्चिक झालेली असते. तेल बदलणे हे या भागाच्या तपासणीचेही एक मुख्य साधन आहे. थोडी साधने, सपाट जागा आणि सुरक्षिततेचे भान असल्यास हे काम घरीही करता येते.

डिफरन्शियलची रचना आणि कार्य

गाडी वळताना बाहेरील बाजूचे चाक आतील चाकापेक्षा अधिक अंतर कापते. दोन्ही चाके एकाच दांड्यावर घट्ट बसविली, तर वळणावर त्यांपैकी एकाला घसरावे लागेल. दोन्ही चाकांना शक्ती पुरवीत असतानाच त्यांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी दंतचक्रांची योजना म्हणजे डिफरन्शियल होय. फ्रान्समधील घड्याळजी ओनेसिफोर पेक्योर यांनी १८२७ मध्ये वाफेच्या गाडीसाठी अशी योजना मांडली. इंग्लंडमधील जेम्स स्टार्ली यांनी १८७७ मध्ये ती तीनचाकी सायकलसाठी वापरली.

मागील चाकांवर चालणाऱ्या गाडीत गिअरबॉक्समधून निघालेला प्रोपेलर शाफ्ट मागील आसापर्यंत येतो. त्याच्या टोकाला पिनियन हे लहान दंतचक्र असते, आणि ते क्राउन नावाच्या मोठ्या दंतचक्राला फिरविते. गॅरेजमध्ये या जोडीला ‘क्राउन-पिनियन’ म्हणतात. या जोडीमुळे शक्तीची दिशा काटकोनात वळते आणि गती कमी होऊन पीळ वाढतो. उदाहरणार्थ, पिनियनला १० आणि क्राउनला ४१ दात असल्यास गुणोत्तर ४.१ येते, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट मिनिटाला ३,००० फेरे घेत असताना क्राउन सुमारे ७३० फेरे घेते. क्राउनला जोडलेल्या आवरणात कोळी-चक्रे आणि बाजूची चक्रे असतात. दोन चाकांच्या गतीतील फरक ती सांभाळतात.

१९२०च्या दशकापासून मोटारगाड्यांत हायपॉइड दंतचक्रांचा वापर सुरू झाला. या रचनेत पिनियनचा अक्ष क्राउनच्या मध्यरेषेच्या खाली ठेवतात. त्यामुळे प्रोपेलर शाफ्ट खाली आणता आला आणि गाडीची बैठकही खाली आली. मात्र हायपॉइड रचनेत दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, ते लांबीच्या दिशेने घासतही जातात. एवढ्या दाबाखाली होणाऱ्या या घर्षणात साध्या तेलाचा थर तुटतो आणि धातूला धातू भिडतो. डिफरन्शियलला वेगळ्या प्रकारचे तेल लागण्याचे मूळ कारण हेच आहे.

वंगण कसे पोहोचते

पेटीच्या तळाशी साठलेल्या तेलात क्राउनचा खालचा भाग बुडालेला असतो. क्राउन फिरू लागले की ते तेल वर उचलते आणि पेटीत सर्वत्र उडविते. पेटीच्या भिंतीवरील खाचांतून हे तेल पिनियनच्या बेअरिंगपर्यंत जाते. तेथे तेल पोहोचविणारी दुसरी व्यवस्था सहसा नसते, म्हणून तेलाच्या पातळीला विशेष महत्त्व आहे.

पातळी कमी झाल्यास पिनियनच्या बेअरिंगला तेल अपुरे मिळते आणि ते तापून खराब होऊ शकते. पातळी प्रमाणापेक्षा अधिक असल्यास तेल घुसळून फेसाळते आणि तापते. ते ब्रीदरमधून, म्हणजे पेटीतील हवेचा दाब समतोल ठेवणाऱ्या लहान छिद्रातून, बाहेर येऊ शकते. कधी ते आसाच्या टोकाचे ऑइल सील ओलांडून ब्रेकच्या ड्रममध्ये उतरते. ब्रेकच्या अस्तरावर तेल आले की त्या चाकाचा ब्रेक नीट लागत नाही. म्हणून ‘थोडे जास्त भरले तर बरेच’ हा समज येथे धोकादायक ठरतो.

कोणत्या वाहनांत हे तेल वेगळे असते

अँबॅसॅडर आणि प्रीमियर पद्मिनी या भारतीय रस्त्यांवर दीर्घकाळ वापरल्या गेलेल्या मोटारी मागील चाकांवर चालत, त्यामुळे त्यांना स्वतंत्र डिफरन्शियल होते. महिंद्र बोलेरो आणि स्कॉर्पिओ, टोयोटा इनोव्हा क्रिस्टा, मारुती ईको आणि टाटा एस यांसारख्या वाहनांच्या मागील आसावरही ते असते. मारुती जिप्सीसारख्या चारचाकी चालनाच्या गाडीत पुढे एक आणि मागे एक अशी दोन डिफरन्शियल असतात, शिवाय शक्ती विभागणाऱ्या ट्रान्स्फर केसचे तेल निराळे असते.

मारुती ८०० पासून पुढे लोकप्रिय झालेल्या, पुढील चाकांवर चालणाऱ्या बहुतेक लहान मोटारींत डिफरन्शियल गिअरबॉक्सच्या पेटीतच बसविलेले असते. अशा बहुतेक गाड्यांत दोहोंसाठी एकच तेल असते आणि ते गिअरबॉक्सच्या नियमांनुसार बदलतात. विजेवर चालणाऱ्या मोटारींतही गती कमी करणारी दंतचक्रे आणि डिफरन्शियल असतात, मात्र त्यांसाठी उत्पादकाने नेमून दिलेले तेलच वापरावे लागते.

तेलाची प्रत आणि श्यानता

डिफरन्शियलच्या तेलाच्या डब्यावर दोन प्रकारच्या खुणा आढळतात. त्यांपैकी एक त्याची प्रत सांगते आणि दुसरी श्यानता, म्हणजे तेलाचा दाटपणा, सांगते.

अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या वर्गवारीत ‘जीएल-४’ आणि ‘जीएल-५’ या प्रती प्रचलित आहेत. हायपॉइड दंतचक्रांसाठी सामान्यतः जीएल-५ सांगितलेले असते. त्यात गंधक आणि फॉस्फरसयुक्त पूरक रसायने अधिक प्रमाणात असतात. दातांच्या स्पर्शबिंदूपाशी उष्णता वाढली की ही रसायने धातूच्या पृष्ठभागाशी संयोग पावून एक पातळ संरक्षक थर तयार करतात, आणि झीज धातूऐवजी या थराची होते. गिअर ऑइलला येणारा उग्र वास या गंधकयुक्त रसायनांचाच असतो. जीएल-५ हे जीएल-४ पेक्षा ‘वरच्या प्रतीचे’ असले तरी ते सर्वत्र चालते असे नाही. काही गिअरबॉक्समध्ये पितळेसारख्या तांबेयुक्त मिश्रधातूची सिंक्रोनायझर कडी असतात, आणि जीएल-५ मधील काही रसायनांचा त्यांच्यावर अनिष्ट परिणाम होऊ शकतो. म्हणून डिफरन्शियलमधून उरलेले तेल गिअरबॉक्समध्ये ओतू नये.

श्यानता ‘८०डब्ल्यू-९०’, ‘७५डब्ल्यू-९०’ किंवा ‘८५डब्ल्यू-१४०’ अशी लिहितात. पहिला आकडा थंडीतील वर्तन दर्शवितो. तो जितका लहान, तितके तेल थंडीत अधिक प्रवाही राहते. दुसरा आकडा १०० अंश सेल्सिअस तापमानावरील दाटपणा दर्शवितो. भारतीय गॅरेजमध्ये ‘नव्वद नंबरचे ऑइल’ म्हणतात ते याच आकड्यावरून. गिअर ऑइल आणि इंजिन ऑइल यांच्या मोजपट्ट्या मात्र वेगळ्या आहेत. गिअर ऑइलमधील ९० हा दाटपणा इंजिन ऑइलच्या मोजपट्टीवर साधारण ४० ते ५० च्या पट्ट्यात येतो. त्यामुळे ९० हे ४० च्या दुपटीहून दाट असते असा अर्थ काढता येत नाही.

काही वाहनांत ‘लिमिटेड स्लिप’ प्रकारचे डिफरन्शियल असते. एक चाक चिखलात घसरू लागले तरी दुसऱ्या चाकाला काही पीळ मिळत राहावा, अशी त्याची योजना असते. त्यातील क्लच-चकत्यांसाठी घर्षण नियंत्रित करणारे विशेष रसायन तेलात असावे लागते. ते नसल्यास वळणावर चकत्या अडकत-सुटत धडधड आवाज करतात.

केव्हा बदलावे

तेल बदलण्याचे अंतर वाहनाच्या मालक-पुस्तिकेत दिलेले असते आणि तेच प्रमाण मानावे. ते वाहनागणिक बरेच वेगळे असते. जड ओझे, ट्रेलर ओढणे, सततचा घाट किंवा धूळ आणि चिखल यांतील वापर असल्यास पुस्तिकेत बहुधा कमी अंतर सुचविलेले असते. नव्या किंवा नव्याने बसविलेल्या क्राउन-पिनियनचे दात एकमेकांशी जुळताना धातूचे बारीक कण सुटतात, म्हणून अशा वेळी पहिले तेल लवकर बदलण्याची पद्धत आहे.

पुरातून किंवा ओढ्यातून गाडी नेली असल्यास किलोमीटरचा हिशेब बाजूला ठेवून तेल तपासावे. धावून तापलेली पेटी पाण्यात बुडाली की आतील हवा एकाएकी थंड होऊन आकुंचन पावते आणि ब्रीदर किंवा जुन्या सीलमधून पाणी आत ओढले जाते. पाणी मिसळलेले तेल दुधाळ दिसते. अशा तेलाचे वंगणकार्य मंदावते आणि बेअरिंगवर गंज चढतो. कोकणात किंवा घाटमाथ्यावर पावसाळ्यात फिरणाऱ्या, मागील चाकांवर चालणाऱ्या गाड्यांच्या बाबतीत ही तपासणी विशेष उपयुक्त ठरते.

साधने

या कामासाठी पुढील साहित्य लागते: पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचे पुरेसे तेल, बुचांच्या मापाचा पाना किंवा चौकोनी अथवा षट्कोनी की, टॉर्क रेंच, नवे वॉशर, जुने तेल झेलण्यासाठी पसरट भांडे, तेल भरण्यासाठी नळी लावलेला हातपंप किंवा मोठी पिचकारी, तारेचा ब्रश, सुती चिंध्या, हातमोजे आणि डोळ्यांवरचा चष्मा. गाडी उचलायची असल्यास जॅक, भक्कम जॅक स्टँड आणि चाकांना लावायचे ठोकळे आवश्यक असतात. तेलाचे प्रमाण वाहनागणिक बदलते. प्रवासी गाड्यांत ते पुष्कळदा १ ते २ लिटरच्या आसपास असते आणि जड वाहनांत त्याहून अधिक असते.

सुरक्षितता

केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये. जॅक हे उचलण्याचे साधन आहे, आधाराचे नव्हे. विटा, दगड किंवा सिमेंटचे पोकळ ठोकळे भाराखाली अचानक फुटू शकतात, म्हणून तेही आधारासाठी वापरू नयेत. जमीन कठीण आणि सपाट असावी. अनेक उंच गाड्यांत, चाके जमिनीवर असतानाही मागील आसापर्यंत हात पोहोचतो. अशा वेळी गाडी न उचलणे हेच उत्तम.

मागील आस उचलताना खुद्द डिफरन्शियलचा गुणधर्मच धोक्याचा ठरतो. बहुतेक गाड्यांत हँडब्रेक मागील चाकांवर लागतो. मागील दोन्ही चाके अधांतरी झाली की तो ब्रेक गाडीला जमिनीवर धरून ठेवू शकत नाही. एकच मागील चाक उचलले आणि गाडी गिअरमध्ये ठेवली, तरीही ती सरकू शकते, कारण अधांतरी चाक उलट फिरून जमिनीवरील चाकाला मोकळीक देते. म्हणून जमिनीवर राहणाऱ्या चाकांच्या पुढे आणि मागे, दोन्ही बाजूंनी ठोकळे लावणे अनिवार्य आहे. गाडी उचललेली असताना इंजिन सुरू करू नये. धावून आल्यावर तेल आणि सायलेन्सरची नळी पोळण्याइतकी तापलेली असू शकतात, याचेही भान ठेवावे.

कृती

ज्या पेटीला भरण्याचे आणि काढण्याचे अशी दोन्ही बुचे असतात, तिच्यासाठी पुढील क्रम वापरतात.

१. गाडी सुमारे १० ते १५ मिनिटे चालवावी. कोमट तेल पातळ होऊन लवकर वाहते आणि तळाशी बसलेले कणही सोबत घेऊन येते.

२. गाडी सपाट जागी उभी करून ठोकळे लावावेत. उचलावी लागलीच, तर पुढून आणि मागून सारखी उचलावी. पेटी तिरपी राहिल्यास नव्या तेलाची पातळी चुकते.

३. दोन्ही बुचे ओळखावीत. भरण्याचे बूच पेटीच्या बाजूला साधारण मध्यावर असते, तर काढण्याचे तळाशी असते. गिअरबॉक्सचे बूच चुकून उघडले जाऊ नये म्हणून पुस्तिकेतील आकृतीशी ताडून पाहावे. बुचांभोवतीचा चिखल ब्रशने साफ करावा.

४. प्रथम भरण्याचे बूच उघडावे. हा क्रम महत्त्वाचा आहे. वर्षानुवर्षे न उघडलेले बूच गंजून घट्ट बसलेले असते. जुने तेल आधी काढले आणि नंतर वरचे बूच उघडलेच नाही, तर गाडी तेलाविना जागीच अडकते. वरचे बूच निघत नसेल तर खालच्याला हात न लावता गाडी गॅरेजमध्ये नेता येते.

५. भांडे खाली ठेवून तळाचे बूच काढावे. तेलाची धार प्रथम जोरात आणि थोडी दूर पडते. थेंब जवळजवळ थांबेपर्यंत, सुमारे १५ ते २० मिनिटे, वाट पाहावी.

६. निघालेले तेल आणि बुचावरील चुंबक तपासावे आणि चुंबक पुसून स्वच्छ करावे.

७. नवे वॉशर घालून तळाचे बूच पुस्तिकेतील टॉर्कइतके आवळावे. जास्त जोर लावल्यास पेटीतील आटे खराब होतात. काही पेट्यांना वॉशर नसलेली निमुळती बुचे असतात. त्यांच्या आट्यांना उत्पादकाने सांगितलेला सीलंट लावतात.

८. पंपाने नवे तेल भरावे. बहुसंख्य पेट्यांत भरण्याच्या छिद्राच्या खालच्या कडेपर्यंत तेल आले आणि बारीक धार बाहेर ओघळू लागली की पातळी पूर्ण समजतात. काही वाहनांत पातळी छिद्राच्या काहीशी खाली ठेवण्याची सूचना असते. तेल फार दाट वाटल्यास बंद डबा गरम पाण्यात ठेवल्याने ते प्रवाही होते.

९. काही मिनिटे थांबून पातळी पुन्हा पाहावी, भरण्याचे बूच आवळावे आणि पेटी पुसून कोरडी करावी.

१०. गाडी थोडे अंतर चालवून दोन्ही बुचांपाशी गळती नाही याची खात्री करावी. लिमिटेड स्लिप प्रकारात नवे तेल चकत्यांमध्ये शिरावे म्हणून मोकळ्या जागी इंग्रजी आठच्या आकारात सावकाश काही फेरे मारण्याचा सल्ला दिला जातो.

बदलाची तारीख आणि किलोमीटरचा आकडा नोंदवून ठेवावा. याच वेळी ब्रीदर चिखलाने बुजला नाही ना, हेही पाहावे. ब्रीदर बंद झाल्यास तापलेली हवा बाहेर पडू शकत नाही आणि तिच्या दाबाने चांगले सीलही गळू लागते.

तळाला बूच नसल्यास

काही पेट्यांना, विशेषतः अनेक अमेरिकी पिकअप गाड्यांच्या मागील आसाला, तेल काढण्याचे बूच नसते. तेथे पेटीचे मागील झाकण काढावे लागते. खालचे बोल्ट काढून वरचे एक-दोन बोल्ट काही आट्यांवर अडकवून ठेवतात आणि झाकणाची खालची कड हलकेच सैल करतात, म्हणजे तेल एकदम अंगावर न येता भांड्यात पडते. नंतर जुने पॅकिंग खरवडून पृष्ठभाग स्वच्छ आणि कोरडा करतात आणि नवे पॅकिंग किंवा सिलिकॉन सीलंट लावून बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने आवळतात. सीलंट सुकण्यासाठी त्याच्या वेष्टनावर दिलेला वेळ द्यावा लागतो. हे काम अधिक वेळखाऊ असले तरी त्यात क्राउनचे दात प्रत्यक्ष पाहता येतात. झाकण काढायचे नसल्यास भरण्याच्या छिद्रातून नळी घालून पंपाने तेल शोषून घेता येते. मात्र या पद्धतीत तळाचा गाळ काही प्रमाणात आतच राहतो.

जुन्या तेलाचे परीक्षण

तेल केवळ काळे पडले असेल तर ते वापराचे लक्षण मानावे. चुंबकावर राखाडी रंगाचा मऊ लेप जमणे हेही नेहमीच्या झिजेत मोडते. बोटांना टोचणारे कण, सालपटे किंवा दाताचे तुकडे आढळल्यास क्राउन-पिनियन किंवा बेअरिंग निकामी होत असल्याचे समजावे. अशा वेळी नवे तेल भरून गाडी वापरात ठेवण्याऐवजी जाणकाराकडून पेटी उघडून घ्यावी. दुधाळ तेल पाण्याचा शिरकाव दर्शविते. त्यात ब्रीदर आणि सील तपासणे आवश्यक असते, अन्यथा नवे तेलही तसेच होते. जळका वास अतिउष्णतेचा निदर्शक आहे. अपेक्षेपेक्षा बरेच कमी तेल निघाल्यास पिनियनचे किंवा आसाच्या टोकांचे सील गळत आहे का, हे शोधावे.

गैरसमज

तेल बदलल्याने डिफरन्शियलचा आवाज जातो, असे अनेकदा समजले जाते. तेल कमी असल्यामुळे किंवा चकत्यांना योग्य रसायन न मिळाल्यामुळे होणारा आवाज तेल बदलल्याने कमी होऊ शकतो, पण झिजलेले दात आणि खड्डे पडलेली बेअरिंग पूर्ववत होत नाहीत. दाट तेल भरून आवाज दाबणे हा दोष लपविण्याचा प्रकार होय.

जुने तेल काढल्यावर पेटी रॉकेलने किंवा डिझेलने धुण्याची प्रथा काही ठिकाणी आढळते. आसाच्या नळ्यांत आणि बेअरिंगमध्ये उरलेले रॉकेल नव्या तेलात मिसळून त्याचा दाटपणा कमी करते. उत्पादकाने सांगितले नसल्यास असे धुणे टाळावे.

वापरलेल्या तेलाची विल्हेवाट

वापरलेले गिअर ऑइल जमिनीवर, गटारात किंवा कचऱ्यात टाकू नये. ते मातीत मुरून विहिरीच्या आणि ओढ्याच्या पाण्यापर्यंत पोहोचते, आणि पाण्यावर पसरलेला त्याचा पातळ तवंग हवेतील प्राणवायू पाण्यात मिसळण्यास अडथळा आणतो. कुंपणाच्या लाकडाला लावणे किंवा चुलीत जाळणे हे जुने उपयोगही हानिकारक आहेत, कारण अशा तेलात धातूचे कण आणि गंधकयुक्त संयुगे असतात. भारतात वापरलेल्या तेलाचा समावेश घातक आणि इतर अपशिष्टांविषयीच्या २०१६ च्या नियमांत होतो आणि त्याचे पुनःप्रक्रियेचे काम नोंदणीकृत उद्योगांनीच करावयाचे असते. घरी काम करणाऱ्याने जुने तेल झाकणाच्या डब्यात भरून, त्यात पाणी, कूलंट किंवा ब्रेक ऑइल न मिसळता, वापरलेले तेल गोळा करणाऱ्या सर्व्हिस सेंटरकडे किंवा अधिकृत संकलकाकडे द्यावे. तेलाने भिजलेल्या चिंध्या ज्योतीपासून दूर ठेवाव्यात आणि त्याही तेलाबरोबरच सोपवाव्यात.